सुनेच्या हातचं औषध

डोहाळजेवणाच्या दिवशी तरी सुनेला सुखानं पाटावर बसू द्यावं, एवढी अक्कल या घराला असायला हवी होती. हिरवा शालू नेसवून झाला होता, दंडाला शेवंतीचे वेढे बांधून झाले होते, वरवट बकालमधल्या निम्म्या गल्लीतल्या बाया मांडवात सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या, आणि नेमका तेव्हाच आतून अन्नपूर्णाबाईंचा आवाज आला.

"प्रतीक्षा, मामाजीचं जेवण झालं वो. त्यायचं औषध देऊन ये, मंग बस."

सातव्या महिन्याचं पोट सावरत प्रतीक्षा उठली आणि सासूच्या हुकमाप्रमाणे स्वयंपाकघरात गेली. तिची आई सिंधूताई सकाळीच डोणगावहून आली होती. तिनं लेकीकडे पाहिलं, मग विहिणीकडे पाहिलं आणि गप्प बसली. लेकीच्या सासरी आल्या आल्या तोंड उघडायचं नसतं, हे आयांना कोणी शिकवावं लागत नाही.

मामाजी म्हणजे प्रतीक्षाचे सासरे, इंद्रभान. त्यांना गेल्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. घर हादरलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की पूर्वी या दुखण्यात माणूस हातचा जायचा, आता तसं नाही. रोज एक कॅप्सूल घ्यायची. ती नेमकी रोगाच्या पेशींवर जाते, सलाईनमधून देतात त्या औषधासारखं अख्खं अंग जाळत नाही. नेमानं घेतली तर हा माणूस शेतात जाईल, नातवंडं खेळवील. आणि खरोखर इंद्रभान खाटेवरून उठले, तुरीच्या वावरात जाऊन आले. मग मंदिराच्या ओट्यावर भजनी मंडळातल्या शालिग्रामबुवांनी त्यांना सांगितलं की कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडाकातड्यापासून करतात. झालं. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस तो, त्या दिवसापासून टरफल तोंडात घेईना. आतली भुकटी तेवढी मधात कालवून चाटणार.

आणि वडीलधाऱ्यांचं औषध सुनेच्या हातूनच जायचं, ही तर या घराची मनकर्णाबाईंच्या काळापासूनची रीत. इंद्रभानची ती आजी गेली, तिचे काढे गेले, खलबत्ते अडगळीत गेले, रीत तेवढी मागे राहिली. रीतीचं काय जातं म्हणा, हात दुसऱ्याचेच असतात.

प्रतीक्षानं बाटलीतून कॅप्सूल काढली आणि दोन्ही टोकं धरून हलकेच फिरवत ओढली. हाताला आता सवय झाली होती. भुकटी वाटीत पडली, थोडी उडाली, थोडी बोटांना लागली. आधी ती चमच्यानं कालवायची, पण चमच्याला चिकटून औषध वाया जातं म्हणून अन्नपूर्णाबाईंनीच बोटानं कालवायला सांगितलं होतं. तिनं वर मध सोडला आणि बोट वाटीत फिरवलं.

"हे काय करून राह्यली तू?"

दारात पुष्पांजली उभी होती. मोठी नणंद, खामगावला दिलेली. हातात ओटीचं ताट होतं. आबांना, म्हणजे वडिलांना, अकोल्याला न्यायचं-आणायचं काम हीच करायची, कारण भावाला, म्हणजे प्रतीक्षाच्या नवऱ्याला हरिओमला, शेतीतून सवड होत नसे.

"मामाजीचं औषध, ताई."

"ते दिसलं मले. फोडून? आन बोटानं?" पुष्पांजलीनं ताट ओट्यावर आदळलं, प्रतीक्षाचं मनगट धरलं आणि तिला मोरीवर ओढत नेलं. "साबण लाव. नखायमंधी घाल. अजून लाव."

"ताई, झालं तरी काय?"

"काय झालं म्हणते. हरिओमनं तुले सांगतलं नाही?"

"काय सांगतलं नाही?"

पुष्पांजली नळ बंद करायचंही विसरली. "दवाखान्यात पहिल्याच दिवशी मले एकटीले बसवून सांगतलं होतं बाई. कॅप्सूल अख्खी गिळायची. जेवण झाल्यावर, मोठा गिलासभर पाण्यासंग. फोडायची नाही, चावायची नाही. एखाद दिवशी राह्यली त दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाही. आन घरात पोटुशी बाई असन त तिनं फुटलेल्या कॅप्सूलले हातच लावायचा नाही, लेकराले धोका असते. तुह्या दिवसायचं कळलं, त्याच दिवशी म्या हरिओमले फोन करून हे सारं सांगतलं. म्हटलं, आबाचं औषध प्रतीक्षाच्या हाती देऊ नको, आपल्या हातानं देत जाय. तो हाव म्हणे. आता हे फोडणं मले माहीतच नव्हतं. हे त मी आज पाहून राह्यली."

"हाव म्हणे," प्रतीक्षा म्हणाली.

तिला हातमोजे आठवले. दिवस राहिल्यावर थोड्याच दिवसांनी हरिओमनं संग्रामपूरहून प्लॅस्टिकच्या हातमोज्यांचं पाकीट आणलं होतं. मिरच्या खुडताना हात जळतात ना तुहे, असं म्हणाला होता. तिला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं. शेजारच्या छायाला बोलावून तिनं ते पाकीट दाखवलं होतं. अन्नपूर्णाबाईंनी ते मोजे लोणचं कालवायला वापरून संपवले आणि त्यानं दुसरे आणले नाहीत, संपले का म्हणून विचारलंही नाही. म्हणजे नवरा विसरला नव्हता. त्याला ऐकू कमी आलं नव्हतं. त्याला माहीत होतं, आणि रोज जेवण झाल्यावर बाप ज्या वाटीतून औषध चाटायचा ती वाटी कोणी कालवली, हेही माहीत होतं. चार वर्षांत या घरात तिनं पुष्कळदा राग गिळला होता. आज तिला गिळायचा नव्हता.

"बोलवा त्यायले," ती म्हणाली.

हरिओम मांडवातून आला तो नव्या सदऱ्यात, पाण्याचा जार खांद्यावर घेऊन. मागोमाग अन्नपूर्णाबाई आल्या आणि त्यांच्यामागे, आता मात्र न राहवून, सिंधूताई. हरिओमनं वाटी पाहिली, बहिणीचं तोंड पाहिलं आणि जार खाली ठेवला. ठेवतानाच त्याचा चेहरा उतरला होता.

"तुम्हाले माहीत होतं?"

"काय?"

"उगा काय काय करू नका. ताईनं फोन केला होता की नाही?"

"केला होता." त्यानं आवाज खाली आणला. "पण आबाचा सोभाव तुले माहीत नाही का? टरफल गिळा म्हटलं असतं त औषधच बंद केलं असतं त्यायनं. मंग? माहा बाप मेला असता त चाललं असतं तुले?"

"म्हणून लेकरू मेलं त चालते?"

"अवो, असं अभद्र नको बोलू आजच्या दिवशी," अन्नपूर्णाबाई मध्ये पडल्या.

प्रतीक्षानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "टरफल नव्हतं गिळायचं त नव्हतं. तुम्ही कालवायचं होतं ना मंग. तुमचे हात कुठं गेले होते?"

"मी दिवसभर वावरात. आन माय म्हणते सुनेच्या हातचंच पाह्यजे. मी कोणाकोणासंग भांडू?"

"एकासंगबी नाही भांडले तुम्ही. मोजे आणले. मिरच्यासाठी म्हणून."

हरिओमनं मान खाली घातली. "मले वाटलं, मोजे घातले की काम भागते."

गावात त्याचं कौतुक होतं, की पोरगं भिडस्त आहे, कोणाला उलटून बोलत नाही. भिडस्त कसला, भित्रा. त्यानं बापाला दुखवलं नाही, आईला दुखवलं नाही, आणि घरातलं सगळं दुखणं नेऊन बायकोच्या पोटावर ठेवलं. बरं, ठेवलं ते ठेवलं, वर तिला खोटं कौतुक दाखवलं. प्रतीक्षाला सगळ्यात जास्त तेच झोंबत होतं. धमकावून करून घेतलं असतं तर निदान तिनं नाही म्हणायची हिंमत केली असती.

अन्नपूर्णाबाईंनी पदर खोचला. "बरं, झालं ते झालं. बाया ताटकळल्या तिकडं. आता ओटी भरून घेऊ आन उद्या दाखवून आणू शेगावले. आमच्या टायमाले कोण पाहे एवढं? म्या पोटुशी असताना आजेसासूले साऱ्या जडीबुट्या खलून देल्या. काय झालं मले?"

"तो झाडपाला होता, ईनबाई," सिंधूताई म्हणाली. दिवसभरातलं तिचं हे पहिलं वाक्य होतं. "हे कॅन्सरचं औषध आहे. मी माही पोरगी नांदाले देली तुमच्या घरी, जहर कालवाले नाही देली."

"जहर म्हणू नका. त्याच्याच जोरावर आमचा माणूस जिता आहे." अन्नपूर्णाबाईंचा आवाज चिरकला. विहिणीवर चालेना, तेव्हा त्या लेकीवर घसरल्या. "आन तू वो पुष्पे, शुभकार्यात आग लावाले आली का? तुले काय, येते आन जाते. निस्तरणं आम्हाले पडते."

"मी आग लावली? अकोल्याले डॉक्टर मले इचारतात, रक्तातले आकडे काऊन वाढून राह्यले, औषध नीट घेतात ना तुमचे वडील. मी ठासून सांगतो, हाव, रोज घेतात. आन अथी घरात अर्धं औषध उडून जाते, वाटीले लागून राह्यते. डॉक्टर औषध बदलून देतो म्हणत होते, माय. आपल्याच मूर्खपणानं माहा बापबी जाऊन राह्यला असता आन हिचं लेकरूबी."

बाहेर मांडवात कोणीतरी नाव घ्यायचा आग्रह करत होतं आणि बाया हसत होत्या.

"औषध काऊन नाही आलं अजून?"

इंद्रभान आतल्या दारात येऊन उभे राहिले होते. हात धुऊन, तोंड पुसून, औषधाची वाट पाहून पाहून आलेले. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. हरिओम फरशीकडे पाहत होता. अन्नपूर्णाबाई ओट्यावरची भांडी उगाच इकडची तिकडं करत होत्या. पुष्पांजलीनं तोंड उघडलं, पण बापाच्या रागाची धास्ती तिलाही लहानपणापासूनची होती. शेवटी प्रतीक्षाच पुढं झाली. सासऱ्यांसमोर आजवर ती गरजेपुरतंही मान वर करून बोलली नव्हती.

"मामाजी, ह्या औषधाच्या भुकटीनं माह्या लेकराले धोका आहे. मी हात लावायचा नव्हता. दवाखान्यानं सांगतलं होतं. तुमच्या लेकाले माहीत होतं. मले आज कळलं."

इंद्रभानचा राग गावाला ठाऊक होता. एकदा बैल हाणला म्हणून त्यांनी गड्याला शेतातून घरापर्यंत शिव्या देत आणलं होतं. तो राग आता येणार म्हणून सगळे अंग चोरून उभे होते. राग आला, पण तो सुनेकडं गेला नाही.

"कधीपासून माहीत होतं तुले?" त्यांनी लेकाला विचारलं.

"आबा, दिवस राह्यले तवापासून."

"मले काऊन नाही सांगतलं बे?"

"तुम्ही औषध सोडून देल्लं असतं. तुमची माळ..."

"सोडलं असतं का धरलं असतं ते म्या ठरवलं असतं. तू इचारलं कधी? एकदा तरी माह्या जवळ येऊन बसला का? मी माळकरी आहो, राक्षस नाही. माही माळ माह्या गळ्यात आहे, तिच्या लेकराच्या नाही." त्यांचा श्वास वर चढला. "माह्या नावावर तू तिच्या हातून हे करून घेतलं. माह्या नावावर, हरिओम."

"आबा, बसा," पुष्पांजलीनं त्यांना धरलं. "आन ऐका. याच औषधाची साधी गोळीबी येते. तिले असं टरफल नसते. कोणी मले एक शब्द बोललं असतं त मी डॉक्टरले इचारून तीच लिहून आणली असती."

एक शब्द. बापाला सांगायचा एक शब्द, बहिणीला सांगायचा एक शब्द, बायकोला सांगायचा तर अर्धा शब्दही पुरला असता. प्रतीक्षाला वाटलं आता ओरडावं, म्हणजे मांडवातल्या बायांनाही कळेल की या घरात काय शिजत होतं. पण तिच्या पोटात लेकरू फिरलं आणि तिनं ओट्याचा काठ धरला.

"आजची?" इंद्रभाननी लेकीला विचारलं.

"आजची चुकवायची नाही, आबा. गोळी मी उद्याच डॉक्टरले इचारून पाहतो."

"दे मंग."

पुष्पांजलीनं बाटलीतून दुसरी कॅप्सूल काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि मोठा गिलास भरून दिला. इंद्रभाननी डोळे मिटले, गळ्यातल्या माळेला बोटं लावली, ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि कॅप्सूल तोंडात टाकली. गिलास पुरा रिकामा केला. तोंड पुसून ते म्हणाले, "गेली खाली. आता सुनेले दवाखान्यात न्या. आताच्या आता."

प्रतीक्षाला वाटलं होतं, हे पाहून आपला जीव निवेल. उलट ती जास्तच पेटली. एवढं सोपं होतं तर. या म्हाताऱ्याच्या रागाला भिऊन नवरा इतके महिने तिच्या लेकराच्या जिवाशी खेळला, आणि म्हाताऱ्यानं एक गिलास पाणी पिऊन प्रश्न मिटवला.

"निदान ओटी तरी," अन्नपूर्णाबाई पुटपुटल्या. "भरल्या मांडवातून उठून जाणं बरं नाही, बाई."

"ओटी कशाची भरता, आत्याबाई? आत काय आहे ते आधी पाहू द्या मले."

अन्नपूर्णाबाई मटकन खाली बसल्या. "मले कोणी सांगतलं असतं त म्या तुले हात लावू देल्ला असता का वो?" असं म्हणत त्या रडू लागल्या. खरं होतं ते. प्रतीक्षाला कळत होतं की ते खरं आहे. पण आज सासूचे डोळे पुसायला तिला वेळ नव्हता. तिनं दंडावरचे शेवंतीचे वेढे ओढून तोडले, ओट्यावर टाकले आणि मागच्या दारानं बाहेर पडली. ती वाटी कोणाला धुवायला देऊ नका, असं पुष्पांजली मागून सांगत होती. मांडवातल्या बायांना काय ते तीच सांगणार होती.

गाडी हरिओमच चालवत होता, कारण घरात दुसऱ्या कोणाला चालवता येत नव्हती. प्रतीक्षा मागं आईजवळ बसली. रस्ताभर तो आरशातून पाहत राहिला. "काही नाही होत, पाह्य तू," असं म्हणाला, मग आणखी एकदा म्हणाला. सिंधूताईनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. शेगाव येईपर्यंत प्रतीक्षानं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. पोटावर ठेवायची तिला भीती वाटत होती.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर बाईंनी फक्त नवरा-बायकोला घेतलं. प्रतीक्षानं झोपल्या झोपल्या सगळं सांगितलं. कॅप्सूल कशी फोडायची, भुकटी कशी उडायची, बोटानं कशी कालवायची. डॉक्टर ऐकत होत्या आणि पडद्याकडे पाहत होत्या. मग त्यांनी आवाज मोठा केला आणि खोलीत लेकराच्या छातीचे ठोके घुमायला लागले. प्रतीक्षाच्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं.

"ठोके चांगले आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "वाढही ठीक आहे. मला दिसतंय ते सगळं आत्ता तरी चांगलं आहे. पण यात सगळंच दिसत नाही, हेही सांगते. मोठ्या ठिकाणी आणखी एक तपासणी करावी लागेल आणि अकोल्याच्या डॉक्टरांशी मी स्वतः बोलेन. जन्मल्यावरही बाळाला नीट तपासून घ्यायचं. आणि आजपासून त्या औषधाजवळ जायचं नाही."

हरिओमनं मोठा श्वास सोडला. "पाह्य," तो प्रतीक्षाला म्हणाला, "म्हटलं होतं की नाही म्या? काही नाही होत."

तो हसत होता. खरोखर सुटल्यासारखा हसत होता. प्रतीक्षा त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. लेकराला काही झालं नसेल तर ते लेकराचं नशीब. याच्या हातून घडायचं ते घडूनच गेलं होतं, आणि उद्या हाच माणूस गावभर सांगत फिरेल की उगाच बायकांनी गहजब केला.

डॉक्टरांनी पेन उचललं. "पण हे इतके महिने चाललं कसं? कोणीच सांगितलं नव्हतं का तुम्हाला, की गरोदर बाईनं याला हात लावायचा नाही?"

"नाही ना, डॉक्टर," हरिओम घाईघाईनं म्हणाला. "कोणालेच माहीत नव्हतं. चुकून झालं."

प्रतीक्षा पोटावरचं जेल पुसत होती. तिनं कापड बाजूला ठेवलं, पलंगाच्या कडेला हात टेकून उठून बसली आणि शालू नीट केला.

"मले माहीत नव्हतं," ती म्हणाली. "यायले माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तसंच लिहा, डॉक्टर."

डॉक्टरांनी एकदा हरिओमकडे पाहिलं आणि लिहिलं.